१९५४ मॉरिस मायनर : डायनमोचं वायरिंग नवं केलं, पण रेस दिली की चार्जिंगचा दिवा पुन्हा पेटतो

मायनर_५४ :
नमस्कार मंडळी. गाडी मॉरिस मायनर, १९५४ ची, ८०३ सीसी. थोरले काका बार्शीला वकिली करायचे, त्यांची. ते गेल्यावर बारा-तेरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. वर चिंचेचा पाला, आत कोंबड्या. गेल्या वर्षी ट्रकवर टाकून सोलापूरला आणली. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला (जुनाच फिकट हिरवा, घरच्यांनी लाल सुचवला होता, ऐकलं नाही). आता वायरिंगवर अडकलोय.

जुनं हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) कापडी वेष्टणाचं होतं, हात लावला की भुगा. म्हणून चार्जिंगचा सगळा भाग मीच नव्याने ओढला. डायनमो (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज करणारा) ल्यूकसचा सी ३९, कटआउटचं खोकं (डायनमो आणि बॅटरीच्या मधलं, चार्जिंग आवरणारं) ल्यूकस आरबी १०६; डी, एफ, ए, ए१, ई ही त्या खोक्याची टर्मिनलं. डायनमोच्या मोठ्या टर्मिनलवरून पिवळी वायर खोक्याच्या डी ला. छोट्यावरून पिवळी-हिरवी एफ ला. ए वरून तपकिरी, स्टार्टरच्या स्विचवरून बॅटरीकडे. ए१ वरून तपकिरी-निळी, ती इग्निशन आणि हेडलाइटच्या स्विचला. ई वरून काळी, ती बॉडीला. डी आणि ए ला ४ चौरस मिमीची वायर वापरली, एफ ला दीडची. सगळे लग (वायरीच्या टोकाची कडी) डाग देऊन बसवलेत, नुसते चिमटलेले नाहीत.

आता दुखणं. चावी फिरवली की लाल दिवा पेटतो. बरोबर. गाडी सुरू झाली, थोडी रेस दिली की दिवा मंद होत विझतो. वा म्हणायच्या आत, आणखी रेस दिली की तो हळूहळू पुन्हा पेटायला लागतो, आणि जेवढी रेस जास्त तेवढा प्रखर. बॅटरीवर मीटर लावला तर १२.१ व्होल्ट. रेस द्या नाहीतर गाणी म्हणा, १२.१.

तीन इलेक्ट्रिशियन झाले. पहिला म्हणाला डायनमो गेला. दुसरा म्हणाला कटआउट गेला. तिसऱ्याने बॉनेट उघडलं, पाहिलं, आणि चहा पिऊन गेला.

कडक_भाकरी :
तिसरा सगळ्यांत प्रामाणिक निघाला की.
बाय द वे, वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ साली इथेच जन्मले, फियाट बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स त्यांनी काढली. आणि सोलापूरकर असून तुम्ही मॉरिस घेऊन बसलाय? फियाट नव्हती का काकांकडे?

मायनर_५४ :
काकांना विचारायला हवं होतं. बार्शीत तेव्हा फियाटपेक्षा वकील जास्त होते.

होटगी_रोड :
सरळ सांगतो, राग मानू नका. डायनमो काढा, छोट्या मारुतीचा अल्टरनेटर बसवा. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्या, रेग्युलेटर आतच असतो, खोकं-बिकं काही लागत नाही. मी माझ्या जीपला हेच केलं. आयडलिंगला पण चार्जिंग मिळतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या तंत्राला कवटाळून बसण्यात काय हशील?

विजापूर_वेस :
होटगी_रोड, एक विचारू? मायनरमध्ये बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला असतं ते माहीत आहे का? पॉझिटिव्ह. तुमचा अल्टरनेटर तसाच लावला तर पहिल्या सेकंदाला त्याचे डायोड उडतील. आधी अख्ख्या गाडीचा अर्थ (बॉडीला जोडलेलं टोक) उलटा करायचा, कॉइलच्या वायरी बदलायच्या, मग अल्टरनेटर. होतं सगळं, पण "सरळ" नाही.

मायनर_५४, तुम्हालाही तोच प्रश्न. बॅटरी कशी जोडलीय? आणि मधल्या काळात कुणी उलटी जोडली होती का?

मायनर_५४ :
आता पॉझिटिव्ह बॉडीला आहे, बॅटरीच्या खाली जुना टॅग पण सापडला. पण हो, दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी बसवायला आलेल्या पोराने सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावली होती. इंजिन तेव्हा सुरू केलं नव्हतं, नुसते दिवे पाहिले. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं आणि मी बदलली.

विजापूर_वेस :
मग झालं! डायनमोची चुंबकी उलटी झालीय. एफ ची वायर खोक्यावरून सोडवा, तिचं टोक बॅटरीच्या बॉडीला नसलेल्या टोकाला, म्हणजे तुमच्याकडे निगेटिव्हला, दोन-तीनदा नुसतं टेकवा. बारीक ठिणगी पडेल. पोलॅरिटी परत आली. पाच मिनिटांचं काम.

गुंडाळी :
जरा थांबा विजापूरकर. मी हा धागा सकाळपासून वाचतोय. गिरणीत पस्तीस वर्षं मोटर रिवाइंडिंग केलं, सुटीच्या दिवशी गाड्यांचे डायनमो. सवय अशी लागलीय की वस्तू उघडण्याआधी ती काय सांगतेय ते ऐकायचं.

डायनमो उलटा झाला असता तर तो लाल दिवा मधे विझलाच नसता. समजून घ्या. दिव्याचं एक टोक इग्निशनच्या पांढऱ्या वायरवर, म्हणजे बॅटरीवर. दुसरं टोक डी वर. गाडी बंद असते तेव्हा डी हा आर्मेचरमधून (डायनमोच्या आतला फिरणारा भाग) बॉडीलाच मिळालेला असतो, म्हणून दिवा पेटतो. डायनमो फिरायला लागला की डी चा दाब, म्हणजे व्होल्टेज, चढतो. तो बॅटरीएवढा झाला की दोन्ही टोकं सारखी, दिवा विझला. डायनमो उलटा असेल तर डी विरुद्ध बाजूला चढत जाणार. दिवा विझायचं सोडून पहिल्यापासून भडकत जाणार, २४ व्होल्टच्या पुढे जाऊन बल्बच उडेल. आणि त्यात कटआउट चिकटला तर त्याचे पॉइंट वितळून एकजीव होतात. तसले दोन खोके माझ्या ट्रंकेत अजून आहेत.

इथे दिवा आधी विझतो आणि मग पेटतो. याचा अर्थ डी बरोबर दिशेला चढला, बॅटरीला गाठलं, आणि तिच्या पुढे निघून गेला. बॅटरी १२ वर, डायनमो १७-१८ वर. फरकाने दिवा पुन्हा पेटला. म्हणजे डायनमो ठणठणीत असणार. त्याची आणि बॅटरीची गाठ घालून देणारा कोणी मधे उभा नाही, एवढंच.

तरी हाताने तपासल्याशिवाय बोलू नये. डायनमोवरच्या दोन्ही वायरी काढा. मोठं आणि छोटं टर्मिनल एका तारेने एकत्र करा. मीटरची एक पिन त्या तारेला, दुसरी डायनमोच्या अंगाला, रंगाला नाही, लोखंडाला. गाडी सुरू करून हळूहळू रेस वाढवा. व्होल्टेज झरझर चढलं पाहिजे. २० च्या वर जाऊ देऊ नका, जोरात रेस देऊन आकडा वाढवायची हौस करू नका, फिल्ड (आतली चुंबकाची स्थिर गुंडाळी) भाजेल. काहीच नाही आलं तर आधी कार्बन आणि कॉम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बघा. अर्धा-एक व्होल्ट आला तर फिल्डमध्ये दोष. चार-पाचवर अडकला तर आर्मेचर.

आणि एक. हा दोष सापडेपर्यंत गाडी उगाच चालू ठेवू नका. डी वर लगाम नसला की फिल्डमध्ये करंट वाढत राहतो. त्या फिल्डचा रोध सुमारे ६ ओहम. १२ व्होल्टला २ अँपिअर, १८ ला ३. उष्णता मात्र वर्गाने वाढते, म्हणजे दीडपट नाही, सव्वादोनपट. भाजक्या वार्निशचा वास आला तर समजा माझ्यासारख्या कुणाचं तरी घर चालवताय.

मायनर_५४ :
गुंडाळी काका, लई उपकार. संध्याकाळी पाहिलं. दोन्ही टर्मिनल जोडून, इंजिन आयडलिंगच्या थोडं वर, १९ व्होल्ट. लगेच बंद केलं.
मग बेल्ट काढून, तार तशीच ठेवून, बॅटरीचं निगेटिव्ह त्या तारेला लावलं. डायनमो मोटरसारखा सुळकन फिरला. एकसारखा, आवाज नाही. मुलगा म्हणाला पंखा आहे का हा.

होटगी_रोड :
म्हणजे डायनमो चांगला, कटआउट खराब. नवा कटआउट मागवा. काम खल्लास.

गुंडाळी :
असं पैसे फेकून दुरुस्ती करायची तर मग घरी मीटर कशाला ठेवायचा.

आरबी १०६ च्या झाकणाखाली दोन बॉबिन (तार गुंडाळलेली रिळं) असतात. एक रेग्युलेटर : दाब चढला की फिल्डच्या वाटेतले पॉइंट उघडतो, करंट रोधातून जायला लावतो, दाब उतरला की पुन्हा मिटतो. सेकंदाला कितीतरी वेळा. दुसरा कटआउट : डायनमो साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला आला की मिटतो आणि बॅटरीशी वाट जोडतो. डायनमो मंदावला की उघडतो, नाहीतर बॅटरीच डायनमोला फिरवत बसेल आणि सकाळी उतरलेली मिळेल. म्हणूनच आयडलिंगला लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नये.

आता नीट बघा. तुमच्याकडे दोन्ही काम करत नाहीयेत. कटआउट मिटत नाही, म्हणून बॅटरी उपाशी. रेग्युलेटर उघडत नाही, म्हणून दाब बेलगाम. दोघं एकाच दिवशी एकदम मेले? होऊ शकतं, पण मी पैज लावणार नाही. दोन्ही बॉबिनच्या बारीक तारांची परतीची वाट एकच : ई. ती काळी वायर. ती बॉडीला पोचत नसेल तर दोन्ही बॉबिन झोपलेले.

काळी वायर नेमकी कुठे लावलीय?

मायनर_५४ :
फायरवॉलवर, पूर्वी होती तिथेच. जुना बोल्ट गंजलेला होता म्हणून नवा स्टेनलेसचा लावला. व्यवस्थित आवळलाय. शिवाय खोकं स्वतःच दोन स्क्रूने त्याच पत्र्यावर बसवलंय.

गुंडाळी :
खोकं स्क्रूने आवळलं म्हणजे ई ला अर्थ मिळाला असं होत नाही. ई ची वाट काळ्या वायरीतूनच. आणि त्या पत्र्याला रंग किती हात दिलाय?

मायनर_५४ :
... एपॉक्सी प्रायमर, सरफेसर, रंगाचे तीन हात, वर लॅकर.

कडक_भाकरी :
म्हणजे अर्थाचा अनर्थ.

गुंडाळी :
गाडी सुरू करा, रेस अगदी थोडी. मीटरची काळी पिन डायनमोच्या अंगाला घासून धरा. लाल पिन आधी खोक्याच्या डी ला, मग खोक्याच्या ई ला. ई वर शून्य आलं पाहिजे. व्होल्टच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे काही दिसलं तर चोर सापडला.

मायनर_५४ :
डी वर १८.६. ई वर १८.४!!
(दोन्ही उणे चिन्हासकट, पॉझिटिव्ह अर्थ असल्यामुळे.)
माझा विश्वास बसेना म्हणून तीनदा पाहिलं. एक लांब वायर घेतली, एक टोक ई ला धरलं, दुसरं डायनमोच्या बोल्टला टेकवलं. खोक्यातून "टक्" असा आवाज आला, लाल दिवा गेला, आणि बॅटरी १३.६. मुलगा ओरडला, बाबा हेडलाइट बघा. खरंच उजेड वाढला होता.

विजापूर_वेस :
क्या बात है. आणि मी तुम्हाला पोलॅरिटी बदलायला लावत होतो. गुंडाळी काका, माघार.

गुंडाळी :
माघार कशाला. तो पोरगा बॅटरी उलटी लावून गेला होता म्हटल्यावर कुणीही तेच म्हणालं असतं. त्या वेळी इंजिन फिरलं नव्हतं, कटआउट उघडा होता, म्हणून फिल्डपर्यंत काही पोचलं नाही. नशीब.

आता बोल्ट काढा. वॉशरएवढी जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, पत्र्याची दोन्ही बाजू. स्टार वॉशर घाला, आवळा, वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा, गंज धरणार नाही. इंजिन रबरावर बसतं, त्यामुळे इंजिन ते बॉडी जी विणलेली पट्टी असते तिचीही दोन्ही टोकं तशीच घासा. ती ढिली असेल तर स्टार्टरचा सगळा करंट चोक केबलमधून घरी जायला बघतो, केबल तापून लाल झालेली मी पाहिलीय.

होटगी_रोड :
ठीक आहे, या वेळी डायनमो जिंकला. पण प्रश्न राहतोच. माझ्या माहितीप्रमाणे सी ३९ जास्तीत जास्त १९ अँपिअर देतो. त्यावर आजचे दिवे कसे ओढणार? आणि १३.६ पुरेसं आहे का?

मायनर_५४ :
त्यात अजून एक भर. मॅन्युअल वाचून मी रेग्युलेटर तपासायला गेलो. ए आणि ए१ च्या वायरी काढून एकत्र केल्या, इग्निशन चालू राहावं म्हणून. डी वर मीटर लावला तर १६ च्या आसपास. १६! बॅटरी उकळणार नाही का? स्क्रू फिरवून १४ वर आणू का?

गुंडाळी :
स्क्रूला हात लावू नका!
हे ओपन सर्किटचं माप आहे, बॅटरी जोडलेली नसतानाचं. या खोक्यात दाबाच्या बारीक तारेवरच करंटच्या जाड तारेचे थोडे वेढे असतात. लोड चढला की ते वेढे मदतीला येतात आणि दाब आपोआप खाली येतो. म्हणून मोकळं असताना १६ च्या आसपास असतं तेच जोडल्यावर तेरा-चौदात येतं. तुम्ही मोकळ्यावर १४ केलंत तर बॅटरी आयुष्यभर अर्धपोटी राहील. माप घ्यायचं तर गाडी थंड असताना, आणि ३० सेकंदांच्या आत. बॉबिन तापली की आकडा बदलतो. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी दोनला बॉनेट उघडून घेतलेलं माप काकांच्या पक्षकारासारखं, रोज वेगळं सांगणार.

होटगी_रोड यांचा मुद्दा मात्र खरा. या खोक्यात वेगळा करंट रेग्युलेटर नाही. तो नंतरच्या खोक्यांत आला. त्यामुळे तुम्ही कितीही मागा, डायनमो बिचारा देत राहतो आणि भाजतो. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, तेच ९ अँपिअरच्या आसपास. मागचे दिवे, इग्निशन, वायपर धरा, १४-१५ झाले. उरलं काय? त्यात म्युझिक सिस्टिम लावली की संपलं. जुन्याच वॉटचे बल्ब ठेवा. आणि जे काही जादा लावाल ते ए१ वर घ्या. ए वर किंवा थेट बॅटरीवर घेतलं तर त्या जाड वेढ्यांना त्या लोडचा पूर्ण पत्ता लागत नाही.

विजापूर_वेस :
एलईडी लावताना पण पॉझिटिव्ह अर्थ लक्षात ठेवा. बाजारात मिळणारे बरेचसे एलईडी बल्ब एकाच दिशेने पेटतात. मोबाइल चार्जर तर लावूच नका. त्याच्या बाहेरच्या कड्याला निगेटिव्ह लागतं आणि तुमची अख्खी बॉडी पॉझिटिव्ह आहे. धातूचा चार्जर डॅशबोर्डला टेकला की शॉर्ट. आणि तपकिरी वायरींच्या वाटेत कारखान्यानेच फ्यूज दिलेला नसतो, म्हणजे उडायला वायरच उरते. बॅटरीला मेन कटऑफ बसवा, शेडमध्ये गाडी उभी केली की बंद करायची सवय लावा.

मायनर_५४ :
कटऑफ आजच घेतला.

बोल्टची जागा घासताना मजा झाली. रंग घासता घासता खालून आधीचा हिरवा, त्याखाली लाल प्रायमर, आणि त्याखाली रुपयाएवढं गोल, अगदी स्वच्छ पत्र्याचं वर्तुळ. कारखान्यात नाहीतर काकांच्या मेकॅनिकने, कुणीतरी तिथे मुद्दाम घासून ठेवलं होतं. माझ्या रंगाऱ्याने ते इतकं सुंदर भरलं की मी त्याला वरून शाबासकी दिली होती.

कडक_भाकरी :
शाबासकी परत मागा. 

डफरीन_चौक :
मधेच घुसतोय. माझ्याकडे लँडमास्टर गाडी आहे, डायनमो मागच्या बाजूने कुईकुई करतो. बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) गेलाय का?

गुंडाळी :
बहुतेक. मागच्या झाकणावर तेलाचं भोक असतं, तिथे इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडून बघा. दोन-तीन म्हणजे दोन-तीन, जास्त झालं की कॉम्युटेटरवर जातं आणि कार्बन खराब. आवाज नाही गेला तर बुश बदला. नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, बसवण्याआधी पातळ इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवायचा. घाई करून कोरडा ठोकला तर वर्षात परत याल. उघडलाच आहे तर कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधला मायका पण खाली घ्या, साधारण ०.८ मिमी. हॅक्सॉचं पातं बाजूने घासून बारीक करायचं, त्यानेच. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात. काचेचा पेपर वापरा.

मायनर_५४ :
शेवटचा रिपोर्ट. रविवारी अक्कलकोटला जाऊन आलो. जाताना दिवसा, येताना मुद्दाम अंधार पडल्यावर, हेडलाइट लावून. ताशी ५५-६० वर लाल दिवा पूर्ण विझलेला, बॅटरीवर १३.४ दिवे लावून. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा दिवा मिणमिणला, शेजारचा रिक्षावाला वाकून बघत म्हणाला, "मालक, लाल लागालंय की". म्हटलं लागू दे, गाडी निघाली की जाईल. निघालो, गेला.

घरी आल्यावर डायनमोला हात लावला, ऊबदार होता, चटका नाही. काळ्या वायरीशेजारी अजून एक काळी वायर ओढलीय, थेट इंजिनच्या पट्टीच्या बोल्टला. गुंडाळी काका म्हणतील कशाला, पण झोप लागते.

गुंडाळी :
नाही म्हणणार. मी पण लावतो.
त्या रंगाऱ्याने स्टार्टर स्विचच्या ब्रॅकेटखाली पण लॅकर मारलाय का, तेवढं एकदा बघून घ्या.

मायनर_५४ :
बघितलं. मारलाय.